चित्रपटगृहात दाखवली गेलेली प्रत

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला, तेव्हा सुरुवातीला पडद्यावर वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुराच्या माथ्यावर कोणत्याही भागाचा क्रमांक नव्हता. ‘एपिसोड फोर’ ही ओळ १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडली गेली. मोस आयस्लीच्या मद्यालयात तस्कर हान सोलो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो समोरासमोर बसतात त्या प्रसंगात वार एकच होत होता आणि तो हान सोलोचा होता. नायक ल्यूकची जमिनीवर तरंगणारी गाडी चाकांवर चालते हे लपवण्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगावर व्हॅसलिन फासले होते आणि त्यामुळे गाडीखाली नारिंगी धुरकट डाग दिसत असे. आज हा चित्रपट अधिकृत डिस्कवर किंवा ओटीटीवर पाहणाऱ्याला यातले काहीच पाहायला मिळत नाही. १९७७ चे प्रेक्षक जे पाहून बाहेर पडले ते पुन्हा पाहता यावे, म्हणून ज्या चाहत्यांनी चित्रपटगृहांत चालवलेल्या फिल्मच्या जुन्या ३५ मिलिमीटर प्रती शोधल्या, स्वतःच्या खर्चाने स्कॅन केल्या आणि वर्षानुवर्षे एकेक चौकट (फ्रेम) साफ केली, त्यांच्या कामाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

बदलांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये ‘स्पेशल एडिशन’ आली आणि तिच्यात संगणकावर तयार केलेले प्राणी, यंत्रमानव आणि गुंड जाबाचा पूर्वी वगळलेला प्रसंग घातला गेला. ग्रीडो आधी गोळी झाडू लागला. २००४ च्या डीव्हीडीत आणखी फेरफार झाले. २०११ च्या ब्लू-रेमध्ये याच मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी, मूळ रूपात त्या क्षणी मूक राहणाऱ्या खलनायक डार्थ व्हेडरच्या तोंडी ‘नो’ हा आक्रोश आला. २०१९ मध्ये ओटीटीवर आलेल्या आवृत्तीत ग्रीडोला मरण्यापूर्वी उच्चारण्यासाठी एक नवा, अनाकलनीय शब्द मिळाला. मूळ रूप अधिकृतपणे शेवटचे मिळाले ते २००६ मध्ये, डीव्हीडीसोबतची जादा तबकडी म्हणून. तीही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी व्हिडिओ तबकडी) केलेल्या जुन्या व्हिडिओ मास्टरवरून घेतलेली होती, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर चित्र पुसट दिसे आणि चहूबाजूंनी काळी चौकट राहत असे.

कलाकाराने आपल्या कृतीत बदल करू नये असे माझे म्हणणे नाही. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना १९७७ मध्ये पैशाअभावी आणि वेळेअभावी जे करता आले नाही ते त्यांनी पुढे केले, यात वावगे काही नाही. माझा आक्षेप आधीचे रूप उपलब्धच ठेवायचे नाही या निर्णयाला आहे, आणि तो घेताना लुकास यांनी स्वतःच पूर्वी मांडलेली भूमिका सोडली असे मला वाटते. १९८८ मध्ये कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग भरण्याच्या लाटेविरुद्ध अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष देताना, नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवण्यासाठी कलाकृती बदलणाऱ्यांना त्यांनी रानटी ठरवले होते, आणि मूळ निगेटिव्ह (कॅमेऱ्यातून गेलेली, जिच्यावरून पुढे प्रती निघतात ती फिल्म) नष्ट झाली किंवा बदलली गेली तर पुढच्या पिढ्यांचे काय होईल ही चिंता बोलून दाखवली होती. त्याच काळात राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीचा कायदा झाला आणि १९८९ मध्ये निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’ होता. म्हणजे राष्ट्रीय वारसा म्हणून ज्याची नोंद झाली ते रूप १९७७ चे होते, आणि नंतर सामान्य प्रेक्षकाच्या हातून निसटले तेही नेमके तेच.

इथे मूळ निगेटिव्हचा प्रश्न येतो. नव्वदच्या दशकात पुनःप्रदर्शनाच्या तयारीसाठी ही निगेटिव्ह बाहेर काढली तेव्हा तिच्यातले काही भाग वीस वर्षांतच खराब झालेले आढळले. ते दुरुस्त झाले, पण त्याचबरोबर बदललेल्या दृश्यांचे तुकडे काढून त्यांच्या जागी नवे जोडले गेले. १९७७ चा चित्रपट त्या निगेटिव्हमध्ये पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत सलग राहिला नाही. अशा वेळी त्या वर्षी चित्रपटगृहांना पाठवलेली प्रत हा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो, कारण तिच्यावर नंतर कोणीही हात चालवलेला नसतो. तिला ओरखडे पडतात, ती तुटते, जोडली जाते, तिचे रंग उडतात. मात्र तिच्यात ग्रीडो कधीच आधी गोळी झाडत नाही.

प्रदर्शनाची प्रत ही निगेटिव्हची थेट नक्कल नसते. निगेटिव्हपासून इंटरपॉझिटिव्ह (मधली सुलट प्रत), तिच्यापासून दुय्यम निगेटिव्ह आणि तिच्यापासून शेकडो प्रती असा क्रम असतो, आणि प्रत्येक पायरीवर थोडा बारकावा हरवतो, थोडे दाणे (चित्रातले सूक्ष्म कण, ग्रेन) वाढतात आणि गडद-फिकट भागांतला फरक तीव्र होत जातो. म्हणून प्रतीचे स्कॅन कितीही काळजीपूर्वक केले तरी ते निगेटिव्हवरून केलेल्या आवृत्तीइतके रेखीव होत नाही, आणि चाहत्यांच्या स्कॅनकडून तशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे. प्रतीजवळ जे असते ते निगेटिव्हजवळ नसते: छायाचित्रकार, प्रयोगशाळा आणि दिग्दर्शक यांनी मिळून ठरवलेला अंतिम रंग आणि अंतिम उजेड.

पण हा रंग टिकतो का? १९८२ पूर्वीच्या बहुतेक ईस्टमन रंगीत प्रतींच्या बाबतीत उत्तर नकारार्थी आहे. त्यांच्या थरांतला निळसर-हिरवा रंग आणि पाठोपाठ पिवळा रंग विरत जातो, मागे जांभळट लाल तेवढा उरतो, आणि निळे आकाश, हिरवी झाडे, माणसाची त्वचा सगळे गुलाबी होऊन बसते. डब्यात नीट बंद ठेवलेली प्रतही यातून सुटत नाही, कारण दोष त्या रंगांच्या रसायनातच होता. १९८२ च्या सुमारास कोडॅकने टिकाऊ रंगांची नवी प्रिंट फिल्म आणल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. टेक्निकलरची जुनी पद्धत मात्र वेगळी होती. तिच्यात फिल्मच्या थरात रंग तयार होत नसे. पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा अशा तीन रंगांसाठी जिलेटिनचे तीन उठावदार साचे करून ते रंगात बुडवत आणि ठशांनी कापड छापावे तसे कोऱ्या फिल्मवर एकापाठोपाठ एक उमटवत. रंग बाहेरून दिला जात असल्याने टिकणारी रंगद्रव्ये निवडता येत, आणि म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची अशी प्रत आजही जवळजवळ पहिल्या दिवसासारखी दिसते. अमेरिकेतला हा छपाईचा विभाग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बंद पडला होता, पण लंडनजवळचा ब्रिटिश कारखाना आणखी काही वर्षे चालू राहिला. ‘स्टार वॉर्स’ त्या शेवटच्या टप्प्यात सापडला आणि ब्रिटनमध्ये त्याच्या काही प्रती या पद्धतीने छापल्या गेल्या. हा योग जुळून आला नसता तर १९७७ च्या रंगांबद्दल आज आपण केवळ अंदाज बांधत बसलो असतो.

अशा प्रती खासगी हातांत कशा पोहोचल्या, याची गोष्ट अनेकदा अवघडलेल्या आवाजात सांगितली जाते. स्टुडिओ प्रती विकत नसत. त्या चित्रपटगृहांना भाड्याने दिल्या जात आणि खेळ संपले की परत मागवून बहुतेक नष्ट केल्या जात. पण गोदामातून, प्रयोगशाळेतून, भंगारातून काही प्रती बाहेर पडतच राहिल्या आणि संग्राहकांच्या कपाटांत गेल्या. १९७४ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणा एफबीआयने नट रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर छापा घालून त्यांचा फिल्म संग्रह जप्त केला होता, आणि त्या भीतीची सावली संग्राहकांच्या पुढच्या पिढीवरही राहिली. आपल्याकडे काय आहे हे कोणी उघड बोलत नसे. जतनाच्या दृष्टीने हे नुकसानच झाले, कारण कोणती प्रत कोणत्या अवस्थेत कुठे आहे याची नोंदच होऊ शकली नाही. तरीही या लोकांनी त्या प्रती सांभाळल्या नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते.

या चाहत्यांच्या कामात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. २०११ पासून गाजलेली ‘डिस्पेशलाइज्ड एडिशन’ ही पहिली वाट. एका चेक चाहत्याने अधिकृत ब्लू-रेचे चित्र आधार म्हणून घेतले आणि जिथे जिथे नंतरचा बदल होता तिथे जुन्या डीव्हीडीतून, फिल्मच्या स्कॅनमधून आणि इतर साधनांतून मूळ दृश्य बसवले. कित्येक चौकटींत तर एकाच चित्राचे निरनिराळे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून आणून जुळवले. कारागिरी म्हणून मला तिचे अपार कौतुक आहे. पण ती पुनर्रचना आहे, आणि पुनर्रचनेत प्रत्येक ठिकाणी करणाऱ्याचा निर्णय असतो. दुसरी वाट ‘टीम निगेटिव्ह वन’ या निनावी गटाची. त्यांनी आधी २०१६ मध्ये ‘सिल्व्हर स्क्रीन एडिशन’ प्रसृत केली आणि नंतर ‘४के७७’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यांच्याच म्हणण्यानुसार ‘४के७७’ मधला ९७ टक्के भाग १९७७ च्या एकाच टेक्निकलर प्रतीतून आलेला आहे, आणि तो फोर-के (सुमारे चार हजार बिंदू रुंद) आकारात स्कॅन करून त्याच आकारात साफ केलेला आहे. इथे पुराव्याचा मूळ स्रोत एक आहे. प्रेक्षकाला ‘ही एक विशिष्ट प्रत होती आणि ती अशी होती’ असे सांगता येते, आणि माझ्या लेखी हेच या कामाचे सर्वांत मोठे मोल आहे.

कामाचा आवाका लक्षात यावा म्हणून थोडा हिशेब मांडतो. चित्रपट १२१ मिनिटांचा आहे आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुमारे १,७४,००० चौकटी होतात. पूर्ण चौकट ४०९६ गुणिले ३११२ बिंदूंमध्ये, न दाबता, व्यावसायिक दर्जाच्या फाइलमध्ये साठवली तर एकेका चौकटीला सुमारे ५० मेगाबाइट लागतात आणि एका चित्रपटाचे कच्चे स्कॅनच नऊ टेराबाइटच्या आसपास जाते. फिल्म जुनी झाली की आक्रसते, आणि तिच्या कडेची भोके दातेरी चाकांत नीट बसत नाहीत. म्हणून दातेरी चाकांऐवजी गुळगुळीत रुळांवरून फिल्म नेणारे स्कॅनर वापरावे लागतात. प्रदर्शनाच्या प्रतीतला काळा भाग फार घट्ट असतो, त्यामुळे एकाच चौकटीचे कमी आणि जास्त उजेडात दोनदा चित्र घेऊन ते एकत्र केले तर सावलीतला तपशील हाती लागतो. रिळांच्या दोन्ही टोकांना सर्वाधिक झीज होते, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्म ओवताना ऑपरेटरचा हात तिथेच लागतो. तिथल्या गहाळ चौकटी दुसऱ्या प्रतीतून आणाव्या लागतात. रीळ बदलण्याची खूण म्हणून उजव्या कोपऱ्यात, रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी आणि मग पुन्हा एक सेकंद आधी दिसणारे गोल ठिपके ठेवायचे की पुसायचे, यावर चाहत्यांत तीव्र मतभेद आहेत. ते ठेवावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण प्रोजेक्शनच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या कामाची चित्रातच उरलेली ती एकमेव निशाणी आहे.

सफाईचे काम संगणकावर सोपवता येईल असे वाटते, पण या चित्रपटाने त्या समजुतीची चांगलीच परीक्षा घेतली आहे. धूळ हटवणाऱ्या प्रणालीचा नियम साधा असतो: एखादा ठिपका एका चौकटीत आहे आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या चौकटीत नाही, तर तो कचरा समजून पुसायचा. आता अवकाशातल्या लढाईचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. वेगाने सरकणारे तारे, क्षणभर चमकणारे किरण, स्फोटातून उडणाऱ्या ठिणग्या, यांतली प्रत्येक गोष्ट त्या नियमानुसार कचरा ठरते आणि पुसली जाऊ शकते. म्हणून स्वयंचलित सफाईनंतर माणसाला पुन्हा प्रत्येक दृश्य तपासून, चुकून गेलेले तारे परत आणावे लागतात. पगार नाही, श्रेय नाही, नावही जाहीर करता येत नाही, आणि तरी कोणीतरी रात्री बसून एका चौकटीतला एक तारा परत जागेवर ठेवतो. या निष्ठेपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

प्रत पाहिल्यामुळे जुन्या चित्रपटाविषयीचे मतही बदलते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अवकाशयानांभोवतीच्या चौकोनांचे आहे. विशेष दृश्ये तयार करताना प्रतिकृतीभोवतीचा नको असलेला भाग झाकण्यासाठी ओबडधोबड आकाराचे मुखवटे वापरत, आणि व्हीएचएस व डीव्हीडीवर हे मुखवटे यानांभोवती करड्या चौकोनांच्या रूपात स्पष्ट दिसत. आमच्या पिढीच्या कित्येकांनी त्यावरून त्या काळच्या तंत्रज्ञांच्या कामाला कच्चे म्हटले. पण ती माणसे व्हिडिओसाठी काम करत नव्हती. प्रतीतला काळा रंग इतका घट्ट असतो की ते चौकोन बहुतेक ठिकाणी त्यात बुडून जातात. व्हिडिओवर उतरवताना सावल्या उजळल्या गेल्या आणि झाकलेली गोष्ट उघडी पडली. प्रतीचे स्कॅन पाहताना अवकाश पुन्हा काळेभोर होते, आणि त्या तंत्रज्ञांनी आपले माध्यम किती अचूक ओळखले होते हे कळते. सगळे दोष नाहीसे होतात असे नाही, यानांच्या कडेच्या रेषा काही दृश्यांत दिसतातच, पण त्या मूळच्याच आहेत.

रंगाच्या बाबतीत इतके ठाम बोलता येत नाही. टेक्निकलरच्या प्रतींमध्येही छपाईनुसार थोडाफार फरक पडत असे. प्रोजेक्टरमध्ये कार्बनची ज्योत आहे की झेनॉनचा दिवा, पडदा किती जुना आहे, यावरही दिसणारा रंग बदलत असे, आणि स्कॅनरचा संवेदक हे सगळे आपल्या पद्धतीने वाचतो. म्हणून एका प्रतीचा रंग हाच एकमेव खरा रंग असा दावा कोणी केला तर मी तो मान्य करणार नाही. मात्र अनेक प्रती एकमेकींशेजारी ठेवल्या की एक मर्यादित पट्टा दिसू लागतो, आणि नंतरच्या अधिकृत आवृत्त्या त्या पट्ट्याच्या किती बाहेर गेल्या आहेत हे निर्विवादपणे सांगता येते. १९९९ च्या ‘द मॅट्रिक्स’चे असेच झाले. २००४ पासूनच्या घरगुती आवृत्त्यांत संपूर्ण चित्रपटावर गडद हिरवी छटा चढली, आणि हा चित्रपट मुळातच इतका हिरवा होता असे नव्या प्रेक्षकांना वाटू लागले. छायाचित्रकार बिल पोप यांच्या देखरेखीखाली २०१८ मध्ये फोर-के आवृत्ती आली तेव्हा तो हिरवेपणा बराच उतरला. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९ च्या ब्लू-रेमध्ये खुद्द दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी रंग इतके बदलले की छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, आणि २०१२ मध्ये नवी आवृत्ती काढावी लागली. दोन्ही ठिकाणी वाद सोडवायला स्मरणशक्ती पुरेशी नव्हती.

दाण्यांविषयीही बोलायला हवे. फिल्मवरचे चित्र चांदीच्या क्षारांच्या कणांतून बनते आणि त्या कणांची सूक्ष्म हालचाल हीच चित्राची त्वचा असते. ती ‘स्वच्छ’ करण्याच्या हट्टापायी चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कापडाची वीण, केसांच्या बटा सगळे गुळगुळीत केले जाते. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या ‘एलियन्स’, ‘दि अबिस’ आणि ‘ट्रू लाइज’ या चित्रपटांच्या फोर-के डिस्क आल्या, तेव्हा यंत्राने दाणे काढून कृत्रिम रेखीवपणा भरल्याची टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. ‘४के७७’ करणाऱ्यांनी दाणे कमी केलेली आणि दाणे जसेच्या तसे ठेवलेली अशा दोन्ही आवृत्त्या उपलब्ध केल्या, आणि निवड पाहणाऱ्यावर सोपवली. अधिकृत कंपन्यांकडून इतका आदर प्रेक्षकाला क्वचितच मिळतो.

आवाजाचा मुद्दाही असाच आहे. १९७७ मध्ये या चित्रपटाचे एकच ध्वनिमिश्रण नव्हते: ७० मिलिमीटरच्या प्रतींसाठी सहा पट्ट्यांचे, ३५ मिलिमीटरसाठी डॉल्बी स्टिरिओ आणि सामान्य चित्रपटगृहांसाठी मोनो. मोनोमध्ये ल्यूकच्या बेरू काकूचा आवाज वेगळा आहे आणि काही संवादही वेगळे ऐकू येतात. चाहत्यांनी ही मिश्रणे स्वतंत्रपणे जतन केली आहेत, त्यामुळे कोणत्या प्रकारच्या चित्रपटगृहात बसलेल्या माणसाने काय ऐकले हेही आता सांगता येते.

हे सगळे कायद्याच्या दृष्टीने परवानगीविना केलेले काम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. चित्रपटाचे हक्क लुकासफिल्म कंपनीचे आहेत, आणि प्रतीची मालकी म्हणजे चित्रपटाची मालकी नव्हे. करणाऱ्यांनी पैसे कमावू नयेत आणि पाहणाऱ्यांनी अधिकृत प्रत आधी विकत घ्यावी, हा त्या वर्तुळातला अलिखित नियम मी पाळला आहे, पण त्याने कायदा बदलत नाही. तरी कालावधीचा विचार करावा. अमेरिकी कायद्यानुसार या चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०७२ च्या अखेरपर्यंत आहे. त्या प्रती ॲसिटेट पट्टीवर आहेत, आणि उबदार, दमट जागी ठेवलेले ॲसिटेट व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडत आक्रसते आणि ठिसूळ होते. एकदा ही क्रिया सुरू झाली की वेग वाढतच जातो. हक्क संपण्याची वाट पाहत बसलो तर तोवर स्कॅन करण्याजोगे काय उरेल, याचे उत्तर फिल्मचे रसायनशास्त्र देते, आणि म्हणून मी या लोकांच्या बाजूने उभा आहे.

प्रतीचे मोल आपल्याकडे वेगळे सांगावे लागू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जे जमवले त्यातल्या कित्येक जुन्या भारतीय चित्रपटांची निगेटिव्ह कधीच सापडली नाही, आणि चित्रपटगृहांत फिरून झिजलेली प्रत हेच त्यांचे उरलेले रूप आहे. जिथे प्रतही राहिली नाही तिथे ‘आलम आरा’सारखे फक्त नाव राहिले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला, त्याची हळहळ मराठी रसिकांना अजून आहे.

अलीकडच्या ‘शोले’च्या प्रकरणात तर मला याच प्रश्नाची उलटी बाजू दिसते. १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आग्रहामुळे शेवट बदलावा लागला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशात सापडलेल्या साहित्याच्या आधारे मूळ शेवट परत आणला, जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथे तो दाखवला गेला आणि डिसेंबरमध्ये भारतीय चित्रपटगृहांत आला. ठाकूरच्या हातून, खरे तर पायांनी, गब्बरचा अंत दाखवण्याचा दिग्दर्शकाचा हक्क त्याला मिळाला, याचा मला आनंद आहे. पण ज्यात पोलीस मध्ये पडतात तो शेवट पन्नास वर्षे लोकांनी पाहिला, त्यावर आणीबाणीच्या काळाचा ठसा आहे, आणि तो चित्रपटही तितक्याच चांगल्या स्थितीत, तितक्याच सहजपणे मिळत राहिला पाहिजे. दोन्ही रूपे शेजारी ठेवता आली तरच काय बदलले आणि कोणी बदलायला लावले हे दिसते.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत आता अधिकृत बाजूही हलू लागली आहे. १२ जून २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या फिल्म महोत्सवाची सुरुवात १९७७ च्या मूळ टेक्निकलर प्रतीने झाली. ही प्रत संस्थेच्या शीतगृहात जपलेली होती आणि तिचे रंग टिकून होते. ज्यांना वर्षानुवर्षे दुराग्रही म्हटले गेले त्यांची मागणी एका राष्ट्रीय संस्थेच्या पडद्यावर, लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या उपस्थितीत पूर्ण झाली. २०२७ मध्ये चित्रपटाला पन्नास वर्षे होत असताना कंपनीने चित्रपटगृहांतले पुनःप्रदर्शन जाहीर केले आहे. कंपनीकडे जे साहित्य आहे ते कोणत्याही चाहत्याच्या प्रतीपेक्षा रेखीव असणार, यात शंका नाही. मी पहिल्या दिवसाचे तिकीट काढणार आहे, आणि पाहताना काळा रंग किती घट्ट ठेवला आहे, यानांभोवतीचे मुखवटे संगणकाने पुसले आहेत का, गाडीखालचा नारिंगी डाग आहे का आणि दाणे शिल्लक आहेत का, हे बारकाईने बघणार आहे. ते तपासायला आधार म्हणून माझ्याजवळ ‘४के७७’ असेल.

ज्यांना असे प्रतीचे स्कॅन पाहायचे आहे त्यांनी टीव्हीवरची हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि रेखीवपणा वाढवणारी सोय दोन्ही बंद कराव्यात, आणि रंगाचा ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ पर्याय निवडावा. चित्रपटगृहाच्या पडद्यावरचा पांढरा रंग सुमारे ५० निट (उजेड मोजण्याचे एकक) इतकाच उजळ असे आणि आजचे टीव्ही त्याच्या कित्येक पट उजेड टाकतात. म्हणून खोलीत पूर्ण अंधार करून उजेड बराच उतरवावा. तसे केले नाही तर काळा भाग करडा होतो आणि दाणे नको तितके टोचतात. शक्य असेल तर आधी दाणे न काढलेली आवृत्ती पाहावी, मोनो किंवा १९७७ चा स्टिरिओ आवाज निवडावा, आणि पहिले रीळ संपताना उजव्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवावे.